जमिनीचा ओव्हरड्राफ्ट

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात बर्फ दोनच ठिकाणी मिळतो. एक रसवंतीत आणि दुसरा घरच्या फ्रीजमध्ये. तोही वीज असली तर! मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाऊन बसतो, आणि आम्ही फायलीने वारा घेत हिशेब जुळवतो. त्यामुळे २०१८ च्या डिसेंबरअखेरीस, निफाडचा पारा २ अंशांखाली उतरला त्या सुमारास, सातपुड्यातल्या डाब गावी दव गोठल्याची बातमी आली, तेव्हा सौ.नी ती दोनदा वाचली.

"अहो, आपल्या जिल्ह्यात बर्फ! आणि तुम्ही पासबुकं भरत बसलाय!"

शनिवारी देवगोईचा घाट चढून, मोलगीकडून आम्ही स्कूटरने डाबला पोचलो, तेव्हा साडेदहा वाजले होते. बर्फ नव्हता. बँक उघडायच्या वेळेला तो शिल्लक राहत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तसं गोठण्याचं गणित आम्हा बी.कॉम.वाल्यांना समजावं असंच आहे. जमीन दिवसभर उन्हाची ठेव घेते आणि रात्रभर ती आकाशाला परत करत राहते. ढग असले तर त्यातला बराच भाग ते खाली फिरवतात. आभाळ निरभ्र असलं की गेलं ते गेलं. वारा असता तर वरची उबदार हवा खाली मिसळली असती. पण तोही रजेवर. थंड हवा जड, ती उतारावरून घरंगळत खोलगटात साचते. हवामानखात्याचा तापमापक चार फुटांवर पेटीत सुखात असतो. तो ४ अंश दाखवतो, तेव्हा खाली गवताच्या पात्याचं खातं शून्याखाली गेलेलं असतं. यालाच ओव्हरड्राफ्ट म्हणतात.

"साहेब, तुम्ही फोटोवाले ना?" मागून आवाज आला.

वळून पाहतो तो आमचे एक म्हातारे खातेदार! मी तेव्हा डोंगराखालच्या एका शाखेत होतो. पासबुकावरच्या फोटोशी चेहरा जुळत नाही, म्हणून या बाबांना मी तीनदा परत पाठवलं होतं. फोटोत मुंडासं, काउंटरवर उघडं डोकं. प्रत्येक खेपेला त्यांचा अख्खा दिवस आणि जीपचं भाडं. आता हा माणूस हिशेब चुकता करणार, म्हणून मी सौ.च्या मागे सरकलो.

"बर्फ पहाटे दिसतो. राहा घरी," बाबा म्हणाले. ओळखपत्र मागितलं नाही, जामीन मागितला नाही.

रात्री आम्हाला दोन जाड गोधड्या मिळाल्या. झोप छान लागली. पहाटे जाग आली तर बाबा, म्हातारी आणि दोन नातवंडं शेकोटीभोवती बसलेली. घरात गोधड्या किती, हे मला तेव्हा मोजता आलं. मोजणं हा तर माझा धंदा!

बाहेर मात्र चमत्कार होता. चाऱ्यावर, कुडाच्या काटक्यांवर, माझ्या स्कूटरच्या सीटवर पांढरं शुभ्र दहिवर. सौ.नी बोटाने खरवडून चाखलं. मी फोटोमागून फोटो काढत सुटलो. "बाबा, या ना, तुमचाही काढतो!"

बाबा हरभऱ्याच्या तुकड्यात वाकून उभे होते. घाटे कुठे नुकते धरू लागले होते. एक डहाळी त्यांनी वर करून पाहिली. काचेसारखी कडक.

"ऊन पडलं की हे काळं पडंल," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. आमच्याकडे तक्रारीचं निदान रजिस्टर तरी असतं.

मी मोबाईल खिशात टाकला. ज्याला आम्ही सोसायटीत मिरवणार होतो, तो यांच्या घरचा तोटा होता.

पंधरा दिवसांनी बाबा काउंटरवर आले. हातात तेच पासबुक, त्यावर तोच मुंडाशाचा फोटो. मी नियमाप्रमाणे फोटो पाहिला, मग बाबांकडे पाहिलं.

तंतोतंत जुळत होता.