किल्ली कोणाच्या हाती?

आमचा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या तोंडी सारखा 'कमिट' हा शब्द. एकदा त्याला बसवून नीट समजावून घेतलं, आणि गंमत म्हणजे हे तर आमच्या शाळेचं जनरल रजिस्टर निघालं!

बरेच जण मिळून एक प्रोग्रॅम लिहितात. त्याची मूळ प्रत, म्हणजे रिपॉझिटरी, बऱ्याचदा वाचायला सगळ्यांना खुली असते. सुधारणाही कोणी सुचवावी. पण ती मूळ प्रतीत चढवायचा अधिकार मोजक्यांनाच. प्रत्येक बदलावर नाव आणि तारीख. आमच्याकडेही रजिस्टरातली जन्मतारीख कोणी मनाने बदलू शकत नसे, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागायची.

मग भाच्याने 'एक्सझेड'ची गोष्ट सांगितली. फायली आटोपशीर करणारं हे छोटं साधन लिनक्सच्या असंख्य संगणकांत असतं. फिनलंडचे लासे कॉलिन वर्षानुवर्षं ते जवळजवळ एकट्याने, बिनपगारी सांभाळत होते. २०२१ मध्ये 'जिया टॅन' नावाचं कोणी मदतीला आलं. २०२२ मध्ये काही अनोळखी नावं कॉलिनना टोचू लागली, काम फार हळू चाललंय, दुसऱ्याकडे द्या. मनाची तब्येत बरी नसते, असं कॉलिननी लिहिलंही होतं. शेवटी जियाला अधिकार मिळाले. फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत चोरदरवाजा आला! आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्यांनी खणून काढलं आणि २९ मार्चला जाहीर केलं, म्हणून निभावलं. जिया कोण, हे आजवर उघड झालेलं नाही.

इथे कुलूप कोणी फोडलं नाही हो. किल्ली रीतसर दिली होती, चांगलं काम बघून. भाचा म्हणतो, दुसऱ्याने तपासल्याशिवाय बदल चढूच नये. खरं आहे. आमच्याकडे निकालपत्रक एकीने लिहिलं की दुसरी पडताळायची. पण तपासायला दुसरं माणूस तर हवं ना! मार्चअखेरीस रात्री जागून बेरजा करताना "बाई, द्या इकडे" म्हणणारी देवासारखी वाटायची. तेव्हा तिच्या मनात काय आहे, हे कोण बघतं? म्हणून कॉलिनना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. इतकी माणसं त्यांचं काम रोज वापरत होती, त्यातले चार जण आधीच हात लावायला गेले असते तर?

असो. तुमच्या मंडळात, सोसायटीत असं एकटं ओढणारं कोणी आहे का, जरा बघा.