मामाने बनवलेला पाइप

राऊमध्ये राहणाऱ्या मुलीने जहाजातल्या घाण पाण्यावर लिहावं, हे जरा विचित्रच. पण माझं आजोळ वसईचं, आणि मामा जहाजावर फिटर होता. मागच्या जूनमध्ये तो आमच्याकडे आला होता. पाऊस नुकताच पडून गेलेला. राऊ सर्कलकडे जाताना एका ट्रक गॅरेजसमोरच्या डबक्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरला होता. मी म्हटलं, "बघ ना, किती छान!" मामा थांबला. म्हणाला, "हे जहाजाच्या मागे दिसलं ना, की आमचं धाबं दणाणायचं."

मग टपरीवर चहा घेताना त्याने मला बिल्ज समजावलं. इंजिनरूमच्या अगदी तळाला जे पाणी साचतं, ते बिल्ज. पंपाच्या सीलमधून ठिबकणारं खारं पाणी, गळलेलं इंधन, वंगण, धुण्याचा साबण, सगळं तिथेच उतरतं. ते बाहेर टाकायचं तर आधी सेपरेटरमधून न्यावं लागतं. तेल हलकं, ते वर येतं. उरलेले बारीक थेंब फिल्टर धरतो. शेवटी एक मीटर पाणी तपासतो. दहा लाख भागांत 15 भागांहून जास्त तेल निघालं, की व्हॉल्व्ह फिरतो आणि पाणी परत टाकीत. मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचा हा नियम. मी तिथेच मोबाइलवर हिशोब केला: 1 लिटर तेलाला साधारण 66 हजार लिटर पाणी. म्हणजे 5 हजार लिटरचे तेरा टँकर! (साबण चुकीचा वापरला तर तेल-पाणी दुधासारखं एकजीव होतं आणि सेपरेटर हात टेकतो, हे मामाने दोनदा सांगितलं.) वेगळं काढलेलं तेल बंदरावर द्यायचं किंवा जहाजावरच्या भट्टीत जाळायचं, आणि सगळ्याची नोंद ऑइल रेकॉर्ड बुकात करायची.

बंदरावर तेल द्यायला पैसे पडतात, फिल्टरही महाग. म्हणून एका जहाजावर मामाला सांगण्यात आलं, एक पाइप बनव. सेपरेटरला वळसा घालून थेट समुद्रात जाणारा. जहाजावर त्याला मॅजिक पाइप म्हणतात. मामाने मापं घेतली, फ्लँज वेल्ड केले. रात्री जोडायचा, बंदर जवळ आलं की काढायचा आणि बोल्टवर ताजा रंग फासायचा. बुकात मात्र सगळं स्वच्छ.

मला रागच आला. लहानपणी पावसाळ्यात राजोडीच्या किनाऱ्यावरून परतलो, की तळव्यांना डांबराचे गोळे चिकटलेले असायचे, आणि हाच मामा रॉकेलचा बोळा घेऊन आमचे पाय पुसत बसायचा. आता ते गोळे काही त्याच्या जहाजाचे नसतील. टँकर धुतल्याचं तेल असेल, विहिरीतून गळलेलं असेल. पण पाय पुसताना त्याच्या मनात काय येत असेल?

मी त्याला कॅरिबियन प्रिन्सेस या क्रूझ जहाजाची गोष्ट सांगितली. 2013 मध्ये तिथे नव्याने लागलेल्या एका इंजिनियरने असाच पाइप पाहिला, इंग्लंडच्या बंदरात नोकरी सोडली आणि तक्रार केली. 2016 मध्ये प्रिन्सेस क्रूझेस कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करायचं मान्य केलं. दंड 4 कोटी डॉलर.

"तो इंजिनियर गं. मी फिटर. कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं, पुढचं मिळणार की नाही ते चीफच्या शेऱ्यावर."

हे कारण मला अजूनही पुरेसं वाटत नाही. पण बाबांची नोकरी सुटली होती त्या वर्षी माझी शाळेची फी मामानेच भरली होती. कुठल्या जहाजाच्या पगारातून, ते मी विचारलं नाही.

"कन्फेशनमध्ये सांगितलंस?"

"सांगितलं की. फादरना फ्लँज म्हणजे काय ते समजावण्यातच अर्धा वेळ गेला."

आम्ही दोघंही हसलो. पुढच्या जहाजांवर म्हणे तो एकाच गोष्टीसाठी भांडायचा: गळणारा सील आजच्या आज बदला. बिल्जमध्ये पाणीच कमी आलं, तर कोण कशाला पाइप मागेल?

यावर लिहू का, असं निघताना त्याला विचारलं. म्हणाला, "लिही. जहाजाचं नाव नको. पण पाइप मी बनवला, हे लिही."