शरीराचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने लाळ आणि लघवी यांवर लेख लिहावा, हे पाहून विज्ञान शाखेतल्या मैत्रिणी नाक मुरडतील. पण हिशेब कुठलाही असो, तो आमच्या शाखेचा विषय आहे असे मी मानते.

प्राणवायूचा वापर करताना आपल्या पेशींत काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात. विडीच्या धुरातून तर ते आयतेच आत येतात. त्यांना आवर घालणारे रक्षक पदार्थही शरीरात असतात. पण जमेपेक्षा खर्च वाढावा तसे हे रेणू रक्षकांना भारी पडले, की पेशींतली चरबी, प्रथिने आणि डीएनए यांची मोडतोड होते. या असमतोलाला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणतात. १९८५ साली हेल्मुट सीस या जर्मन शास्त्रज्ञाने ही कल्पना नीट मांडली.

या नुकसानीच्या पावत्या शरीर स्वतःच बाहेर टाकते. डीएनएमधून निघालेला ‘८-ओएचडीजी’ हा बिघडलेला तुकडा आणि चरबीच्या नासाडीतून निपजणारी आयसोप्रोस्टेन ही द्रव्ये लघवीत मोजता येतात. लाळेत यूरिक आम्ल हा प्रमुख रक्षक असतो, तोही मोजतात. सुई टोचायला नको, हा मोठा फायदा.

मात्र पावती म्हणजे ताळेबंद नव्हे. पाणी कमी प्यालो की लघवी दाट होते, म्हणून आकडा क्रिएटिनिनच्या प्रमाणात सांगावा लागतो. आम्ही एकूण खर्चावरून दर नगाचा खर्च काढतो, तसेच हे. लाळेचा आकडा तर जेवणाने, हिरड्यांतल्या रक्ताने, दिवसाच्या वेळेनेही बदलतो.

हे सारे मी वाचले ते काकांसाठी. दुर्गदबैलात त्यांचे छोटे दुकान आहे; घरी मराठी, गल्ल्यावर कन्नड आणि दोन्हीकडे विडी. गेल्या वर्षी एक विक्रेता घरी आला. त्याने काकांच्या लघवीचे थेंब कुपीत टाकून गुलाबी रंग दाखवला आणि महिनाभराच्या महागड्या गोळ्या पुढे केल्या. काकू घाबरली. घरचा जमाखर्च मी लिहिते, म्हणून तिने मला विचारले, “घेऊ या का गं? यांच्यापुढे पैशाचं काय एवढं?”

मी दोन दिवस मागून घेतले आणि वाचनालय गाठले. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर असल्याच रक्षक गोळ्यांचा मोठा प्रयोग झाला होता. १९९४ साली निष्कर्ष आला: बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला! विकायला आणलेल्या गोळ्यांच्या डबीवरही बीटा-कॅरोटिनचे नाव होते. मी ते काका-काकूंना वाचून दाखवले. काका हसून म्हणाले, “लेक्क सरि ऐति.” म्हणजे हिशेब बरोबर आहे. गोळ्या परत गेल्या. विडीचे बंडल मात्र खिशातच राहिले.

त्या दिवसापासून घरच्या वहीत मी एक नवे खाते उघडले आहे. रात्री दुकान बंद करून आले की काका दिवसभराच्या विड्या सांगतात आणि मी आकडा मांडते. सुरुवातीला तो बावीस होता. काल नऊ झाल्या. हे खाते शून्यावर बंद करायचे आहे, आणि त्यासाठी कुपीतल्या रंगाची वाट पाहायची गरज नाही.