खतावणीबाहेरची माणसे

पावसाळ्यात कापडाचा धंदा मंदावतो. लग्नसराई संपलेली असते, दिवाळी दूर असते आणि पेरणीत गुंतलेला शेतकरी दुकानाची पायरी सहसा चढत नाही. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी तीन पिढ्यांचे कापड दुकान चालविणाऱ्या एका गृहस्थांनी यंदाचा आषाढ कादंबऱ्या वाचण्यात घालविला. साठी उलटेपर्यंत वर्तमानपत्र आणि हिशेबाच्या वह्या यांपलीकडे त्यांचे वाचन फारसे गेले नव्हते. वाचनालयातून पुस्तके आणली ती सूनबाईंनी. "मामंजी, एकाच तऱ्हेची आणली तर दुसऱ्या दिवशी परत कराल, म्हणून निरनिराळी आणली आहेत," एवढेच त्या म्हणाल्या. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात रात्र मोठी असते. ती पुस्तकांच्या कामी आली.

आरंभ बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने झाला. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे ते पुस्तक एका बैठकीत संपले आणि दोन दिवसांत निम्मे विसरलेही गेले. यात लेखकाचा दोष नाही. प्रवासातला चिवडा जेवणाच्या ताटात मोजू नये. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला'मधील यंत्रमानव समजून घेण्यासाठी नातवाला शेजारी बसवावे लागले. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' मात्र निम्म्यावर थांबली. यमूचे हाल त्यांना वाचवेनात. ती घरातल्या बाईंनी पुरी केली आणि नंतर दोन दिवस कोणाशी फारसे बोलल्या नाहीत.

रणजित देसाईंच्या 'स्वामी'त बहुतेक वाचक रमा-माधवांच्या स्नेहात गुंततात. हे गृहस्थ थबकले ते कर्जापाशी. पानिपतानंतर १६व्या वर्षी गादीवर आलेला आणि १७७२ मध्ये २७व्या वर्षी थेऊरला देह ठेवणारा हा पेशवा वडिलांच्या काळातले देणे शिरावर घेऊन राज्य करीत होता. त्याचे ओझे काय असते, हे दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

महिना खरा अडला तो व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'पाशी. १९५५ सालची ही छोटेखानी कादंबरी. माणदेशातल्या धनगरवस्तीवर एक तरुण मास्तर येतो, शाळा भरवितो, कारभाऱ्याशी जुळवून घेतो. पुढे दुष्काळ पडतो आणि मेंढरांमागे माणसेही पांगतात. लेखक कोठेही गळा काढीत नाही, म्हणूनच ती रिकामी होत जाणारी वाडी पाहवत नाही. हा मुलूख या गृहस्थांच्या दुकानापासून फार दूर नाही. तिकडची माणसे पिढ्यान् पिढ्या या दुकानातून लुगडी, धोतरे आणि मांजरपाट नेत आली आहेत.

पुस्तक मिटल्यावर त्यांनी माळ्यावरून १९७२ सालची खतावणी काढली. वडिलांच्या, अर्थात अण्णांच्या, वळणदार अक्षरात काही नावांपुढे एकच शेरा होता: गाव सोडून गेले. रक्कम बुडीत खाती टाकलेली. कोणाकडे तेवीस रुपये, कोणाकडे एकेचाळीस. या नावांचा उल्लेख घरात 'बुडवे' असाच होत आलेला. त्या बाजूच्या वाड्यांना उधारी द्यायची नाही, हा दुकानाचा नियम तेव्हापासूनचा. ती माणसे खडी फोडायला गेली, की मेंढरे घेऊन घाटाखाली उतरली, याची नोंद कोणत्याच वहीत नाही. तशी ती ठेवण्याची व्यापाऱ्याची रीतही नाही. गृहस्थ रात्री उशिरापर्यंत ती पाने चाळीत बसले होते.

आषाढाच्या अखेरीस त्याच बाजूच्या एका वाडीचा तरुण दोन मुलांच्या गणवेशाचे कापड मागण्यास आला. दिवाळीच्या बोलीवर, म्हणजे उधार. नोकराने नियम सांगितला. गृहस्थांनी त्याला बसवून घेतले, मेंढरे किती, पाऊस कसा, शाळा कोणती, मास्तर रोज येतात का, असे बरेच विचारले आणि कापड मोजून दिले. वहीत रकमेपुढे त्यांनी वाडीचे नाव लिहिले, बापाचे लिहिले आणि दोन्ही मुलांचीही लिहिली.

चिरंजीवांना हे रुचलेले नाही. "बाबा, कादंबरी वाचून दुकान चालत नाही," असे ते म्हणाले. गृहस्थांनी वाद घातला नाही. सूनबाईंनी श्रावणासाठी पुस्तके बदलून आणली तेव्हा 'बनगरवाडी' परत करायची राहिली. ती गादीखाली, खतावणीजवळ आहे आणि वाचनालयाचा दंड रोज वाढतो आहे.