टेम्पोला वेळ आहे, पाटीला नाही



बोईसरला ट्रॅफिक जाम झाला की दहा मिनिटांत निकाल लागतो. दोषी ठरते रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसलेली बाई. व्हॉट्सअॅपवर फोटो पडतो, त्यात भाजीची पाटी ठळक दिसते. तिच्या मागे अर्धा रस्ता व्यापून उभा असलेला टेम्पो कुणाला दिसत नाही. मला दिसतो, कारण बऱ्याचदा तो माझाच असतो.

अकरा वर्षं मी छोटा हत्ती चालवतोय. तेलाचे डबे, साबण, बिस्किटांची खोकी, असा किराणा दुकानांचा माल पालघर आणि बोईसरला पोचवतो. तेव्हा या विषयात मी तटस्थ वगैरे नाही. पाटीवाली उठली तर गाडी लावायची माझीच सोय होते. तरी ती उठू नये असं मी म्हणतो, आणि दया येते म्हणून म्हणत नाही.

आधी माल दुकानात कसा पोचतो ते बघू. आपल्या चळवळीत रस्त्यावर उतरणारे पुष्कळ आहेत, रस्त्याकडे बघणारे कमी.

गोदामात साडेआठला गाडी भरायला घेतात. दुकानदार शटर उघडून, अगरबत्ती लावून, गल्ला लावून माल घ्यायला तयार होतो साडेदहाला. एक वाजला की तो जेवायला जातो आणि चारपर्यंत दिसत नाही. म्हणजे सगळ्या दुकानांचा माल साडेदहा ते एक या अडीच तासांत उतरवायचा. माझ्यासारख्या सगळ्याच गाड्या त्याच वेळी त्याच रस्त्यावर येतात. खोकी खाली करायला पाच मिनिटं पुरतात. पुढची पंधरा मिनिटं जातात माल मोजण्यात, फुटलेली पाकिटं परत घेण्यात आणि ‘शेठ आत्ता येतील’ हे ऐकण्यात. मागे हॉर्न चालू असतात. तेवढ्यात फोटो निघतो आणि संध्याकाळी मोबाईलवर चलान येतं, पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलो तर १५००. मालक म्हणतो, गाडी तू लावलीस. दुकानदार म्हणतो, मी कुठे रस्त्यावर लाव म्हटलं. दंड माझ्या पगारातून जातो.

धंदा आणि वाहतूक यांचा तोल सांभाळायचा, असं बैठकांमध्ये बोललं जातं. तो तोल आज असा सांभाळला जातो.

आता आपलं बोईसर. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, एमआयडीसी वाढली, २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. गावाचं शहर झालं, रस्ते मात्र गावाचेच राहिले. चिल्हार फाट्याकडून टँकर आणि ट्रेलर येतात, शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बस येतात, रिक्षा आहेतच. याच रस्त्याच्या कडेला विक्रमगड-मनोरकडच्या आदिवासी बाया बसतात. उन्हाळ्यात करवंदं, ताडगोळे, नंतर जांभळं, पहिल्या पावसात शेवळं. सातपाटी-नवापूरच्या मच्छीवाल्या येतात. उसाटलेला भाजीचा धंदा करणाऱ्या आपल्या वस्तीतल्या बायाही आहेत. आमची मावशी त्यांतली एक. कंपनीतला ठेकेदार बदलला, काम गेलं आणि ती पाटीवर आली.

या सगळ्यांना एकच कायदा लागतो आणि तो वाचण्यासारखा आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१, म्हणजे जुना मुंबई पोलीस कायदा. त्याचं कलम १०२ रस्ता अडवण्याबद्दल आहे. फेरीवाल्यांवर ‘१०२-११७’ खाली केस झाली असं आपण ऐकतो, ते हेच. त्यात गाडीबद्दल काय म्हटलंय? माल भरायला-उतरवायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा जास्त वेळ गाडी उभी राहिली तर गुन्हा. खोकी, गाठोडी रस्त्यावर ठेवली तर? अवाजवी वेळ ठेवली तर गुन्हा. आणि टोपलीत, फळीवर काही विकायला मांडलं तर? तिथे वेळेचा शब्दच नाही. मांडलं की अडथळा.

पुन्हा वाचा. माझ्या टेम्पोला गरजेपुरता वेळ आहे. टेम्पोतून उतरलेल्या खोक्याला वाजवी वेळ आहे. मावशीच्या पाटीला एक मिनिटही नाही. टेम्पो पाच फूट रुंद, पाटी दोन फूट, हा हिशोब त्या कलमात कुठेच येत नाही. दुकानाचा माल रस्त्यावर आला तर तो व्यापार, आणि रस्त्यावरच ज्याचं दुकान तो अडथळा, असं १९५१ च्या कायद्याने गृहीत धरलं आणि आपण ते आजही पाळतो.

रस्त्यावर कुणी किती वाजता यायचं हे ठरवणं आपल्या इतिहासाला नवं नाही. पेशवाईतल्या पुण्यात महार-मांगांना दुपारी तीन ते सकाळी नऊ या वेळात वेशीच्या आत यायला बंदी होती, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात, अशी नोंद गो. स. घुर्ये यांनी जातीवरच्या आपल्या ग्रंथात केली आहे. सावलीचंसुद्धा वेळापत्रक होतं. म्हणून ‘टाइम झोन करू’ असं कुणी साहेब म्हणाला की मी आधी विचारतो, करणार कोण?

संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट यांच्याच रांगेत रस्ते आहेत. १९२७ च्या महाडमुळे पाणवठा आपल्या मनात पक्का बसला. त्याच ओळीतल्या रस्त्यावर आपण फारसे थांबलो नाही. १५ (२) भेदभावाबद्दल आहे, पाटी कुठे मांडावी याबद्दल नाही, हे मला कळतं. पाटीसाठी १९ (१) (छ) आहे, आणि रस्त्यावर व्यापार करणं त्यात बसतं, वाजवी निर्बंधांसह, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदन सिंग खटल्यात सांगितलं आहे. पण रस्ता कुणाचा, हा मूळ प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

काही मित्र म्हणतात, सगळा माल रात्री उतरवा, प्रश्न मिटला. ही युक्ती फार जुनी आहे. रोममध्ये ज्युलियस सीझरच्या काळात दिवसा शहरात मालाच्या गाड्या आणायला बंदी केली होती. मंदिरांच्या बांधकामाचं सामान वाहणाऱ्या गाड्यांना मात्र सूट होती, बघा. गाड्या रात्री धावू लागल्या आणि गरिबांची झोप उडाली. आपल्याकडे रात्री माल उतरवणार कोण? हमाल. माथाडी कायदा १९६९ चा आहे, पण माझ्यासोबत खोकी उतरवणाऱ्या एकाही पोराची मंडळात नोंद नाही. दिवसभर कंपनीत ठेक्यावर काम, रात्री हमाली, आणि रात्री दोनला घरी जायला ना लोकल ना रिक्षा. शहराचा रस्ता मोकळा करायचा आणि भार त्याच्या पाठीवर टाकायचा, ही तोलाची कसली पद्धत?

मला पटलेली पद्धत बार्सिलोनाची. तिथे काही मोठ्या रस्त्यांवर कडेची एकच पट्टी घड्याळाप्रमाणे वाटून दिली आहे. गर्दीच्या वेळी ती धावत्या गाड्यांची, दिवसाच्या मधल्या तासांत माल उतरवणाऱ्यांची आणि रात्री रहिवाशांच्या गाड्या लावण्यासाठी. जागा तीच, हक्कदार बदलतात.

हेच चित्रालयच्या रस्त्याला लावून बघा. पाटीचा धंदा होतो सकाळी आणि मग शिफ्ट सुटल्यावर संध्याकाळी. दुपारी दोन ते चार उन्हात गिऱ्हाईक फिरकत नाही. तेव्हा रस्ताही त्यातल्या त्यात मोकळा असतो. त्या दोन तासांत कडेला माल उतरवायच्या गाड्या लागू द्या, दर गाडीला वीस मिनिटं. सकाळ-संध्याकाळ ती कड पाटीची. कोपऱ्यापासून काही फूट कुणीच उभं राहायचं नाही, टेम्पोने नाही, पाटीने नाही, साहेबाच्या गाडीनेही नाही, कारण अॅम्ब्युलन्स वळायला जागा लागतेच. अॅम्ब्युलन्सचा मुद्दा खोटा नाही. तो फक्त पाटीवरच काढला जातो, एवढंच माझं म्हणणं.

यात अडचण एकच आहे. दुकानदाराला दुपारची झोप सोडावी लागेल, किंवा माल मोजून घ्यायला माणूस ठेवावा लागेल. नियम नेहमी गाडी चालवणाऱ्यावर येतात, पण गाडी किती वाजता यावी हे ठरवतो माल घेणारा. त्याला कधी चलान आलेलं ऐकलंय? माल घेण्याच्या वेळेचं बंधन दुकानावर टाका, माझी गाडी आपोआप हलेल.

मी हे मावशीला सांगितलं. ती म्हणाली, ‘दोन ते चार आम्हाला कोण विचारतंय? तेव्हा आम्ही भाकर खातो. पण चार वाजता जागा परत मिळंल, हे कोण लिहून देतो का ते बघ.’ गेल्या वर्षी एका नाक्यावरून तिची पाटी, वजनकाटा आणि ताडपत्री उचलून नेली. पावती नाही, यादी नाही. काटा परत मिळाला नाहीच. त्यामुळे तोंडी शब्दावर तिचा भरवसा नाही.

आणि तिला लिहून द्यायचा कायदा आहे. पथविक्रेता कायदा, २०१४. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. माल जप्त केला तर यादी द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते, त्यात एक तृतीयांश महिला, आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व. त्याच समितीत वाहतूक पोलीस आणि व्यापारी संघटनाही आहेत. म्हणजे ज्या टेबलाभोवती हा तोल ठरायला हवा, ते टेबल कायद्याने आधीच मांडून ठेवलंय. त्यावर टेम्पोवाल्याला आणि हमालाला खुर्ची नाही, ही माझी तक्रार आहे, ती वेगळी भांडू. आणि कलम ३३ प्रमाणे हा कायदा विसंगत असलेल्या दुसऱ्या कायद्यांवर वरचढ आहे. १०२ चा कागद पुढे केला की हे आठवणीत ठेवा.

पालघरला नगरपरिषद आहे, तिथे मागणी सरळ आहे. बोईसरला पेच पडतो. २०११ च्या जनगणनेत बोईसर ‘जनगणना शहर’ आहे, लोकसंख्या ३६ हजारांच्या वर, पण कारभार ग्रामपंचायतीचा. पथविक्रेता कायद्यात महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, कटक मंडळ यांची नावं आहेत, ग्रामपंचायतीचं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेब गावाबद्दल काय बोलले ते आपण भाषणांत ठोकून सांगतो. इथे बघा, रसायनांचे कारखाने, अणुवीज केंद्र, रेल्वे, सगळं शहराचं, आणि हक्क मागायची वेळ आली की आपण गाव. विक्रमगडच्या बाईची गंमत तर आणखी वेगळी. तिच्या गावात पेसा कायदा, १९९६ प्रमाणे बाजाराच्या कारभारात तिच्या ग्रामसभेला, पंचायतीला अधिकार आहे. तीच बाई पाटी घेऊन एसटीतून बोईसरला उतरली की अतिक्रमण.

तरी वाट बंद नाही. पथविक्रेता कायद्यातल्या ‘स्थानिक प्राधिकरण’च्या व्याख्येत शेवटी एक शेपूट आहे. शहरात नागरी सेवा देणारी आणि पथविक्रीचं नियमन करणारी, स्थानिक प्राधिकरण म्हणून काम करण्याचा अधिकार असलेली इतर कुठलीही संस्था. जनगणनेने ज्याला शहर म्हटलं तिथे ही व्याख्या लागते, असा युक्तिवाद आपण करू शकतो. कुणी लेखी नाही म्हटलं तर ते उत्तर घेऊनच नगरपरिषदेची मागणी पुढे न्यायची. कायदा आम्ही सांगतो अडीच टक्के, म्हणजे लोकसंख्येच्या तेवढ्या प्रमाणापर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायची योजना. जुन्या जनगणनेने धरलं तरी ९०० जागा होतात.

घाई का, तर वाढवण बंदर. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पायाभरणी झाली, ७६ हजार कोटींवरचा प्रकल्प आहे. कंटेनर येतील, गोदामं येतील, माझ्यासारखे शेकडो टेम्पो येतील. तेव्हा रस्त्याच्या कडेचं वाटप नव्याने होईल आणि आज कागदावर नसलेली माणसं तेव्हाही नसतील.

त्यासाठी आकडे लागतील, आणि ते कुणी आपल्याला आणून देणार नाही. येत्या रविवारी सकाळी नऊला बुद्ध विहारात जमू आणि सोमवारचं काम वाटून घेऊ. सोमवारी सकाळी सहा ते रात्री नऊ, दोन-दोन तासांच्या पाळीने, चित्रालय ते स्टेशन या रस्त्यावर बसायचं. वही तीन रकान्यांची, काय थांबलं, किती मिनिटं, किती जागा अडवली. पाटी, टेम्पो, रिक्षा, बस, दुचाकी, पांढरी स्कॉर्पिओ, सगळं. नाव किंवा गाडीचा नंबर लिहायचा नाही. मोजपट्टी मी आणतो.