चतकोर चतकोर

आयुर्वेदाच्या पथ्याचा श्रीगणेशा करायला आमच्या नंदुरबारइतके गैरसोयीचे गाव शोधून सापडायचे नाही. थंडी पडू लागली की गावाबाहेरची मोकळी राने मिरचीच्या पथाऱ्यांनी लाल होतात, आणि वारा फिरला की गरीब-श्रीमंत हा भेद विसरून सारे गाव शिंकू लागते. अशा गावी गेल्या पौषात माझी अमेरिकन भावजय महिनाभर राहायला आली, ती पथ्याची यादी पर्समध्ये घेऊन!

धाकटा आठ वर्षांनी घरी येत होता. सून तर प्रथमच. आईने कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, वर हिरव्या मिरचीचा ठेचा असा थाट केला. सूनबाईंनी हात जोडून यादी काढली. त्यांची प्रकृती पित्ताची. तिखट वर्ज्य, आंबट वर्ज्य, वांगे वर्ज्य. शिवाय शरीरशुद्धी सुरू असल्यामुळे सात दिवस नुसती मुगाची खिचडी.

आईचा चेहरा खर्रकन उतरला. खानदेशात रात्री घरोघर खिचडीच रटरटत असते. तिला कोणी उपचार म्हणत नाही. ती दिवसभर राबून आलेल्या बाईची सोय! "नव्या सुनेला खिचडीवर ठेवली, असं म्हणतील लोक," एवढेच बोलून ती आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही.

बरे, पोरीची हौस उथळ होती असेही नाही. पुण्याच्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयात शिकून अमेरिकेत गेलेल्या डॉ. वसंत लाडांचे १९८४ सालचे इंग्रजी पुस्तक तिने जवळजवळ पाठ केले होते. रॉबर्ट स्वोबोडा हा टेक्ससचा तरुण त्याच महाविद्यालयातून १९८० साली पदवी घेऊन बाहेर पडला. त्याने आधी काही वर्षे पुण्याचे पाणी पचवले आणि मग लोकांना आयुर्वेद सांगितला. हिची शुद्धी मात्र टपालाने मागवलेल्या एका पुडक्यातून निघाली होती.

शास्त्रातली शुद्धी इतकी घाईची नाही. आधी तीन ते सात दिवस चढत्या मात्रेने तूप, मग शेक, त्यानंतर रेच. आणि खरी कसोटी पुढेच असते. पातळ पेज, दाट पेज, कढण अशा पायऱ्या चढत माणसाला नेहमीच्या ताटावर आणायचे. शुद्धीच्या मानाने तीन, पाच किंवा सात दिवसांत. रविवारी नाक दाबून एरंडेल पाजणारी आमची आजीदेखील नंतर मऊ भातच वाढायची. पुडक्यात ही परतीची वाट नव्हती.

मी मराठीचा मास्तर, वैद्य नव्हे. पण वडिलांची चरकसंहिता घरात आहे. तिच्या सूत्रस्थानात सवय बदलण्याची रीत दिली आहे. अंगवळणी पडलेले अहितकर अन्न एकदम टाकू नये. चौथा हिस्सा कमी करावा, त्या जागी तेवढे हितकर घ्यावे, मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत, मग पुढचा हिस्सा. म्हणजे आमच्या भाषेत चतकोर चतकोर! हे मी तिला इंग्रजीत आणि आईला मराठीत समजावले.

"आणि मिरची, दादा? चरक काय म्हणतात?"

चरकाला मिरची ठाऊकच नव्हती. त्याचे तिखट म्हणजे मिरे, पिंपळी, सुंठ. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणली, आणि तीही अमेरिका खंडातून. हे ऐकून ती इतकी हसली की आई ओट्यापासून उठून बघायला आली.

दुसऱ्या दिवशी सुनेने खिचडीबरोबर चतकोर भाकरी मागून घेतली. चार दिवसांनी अर्धी झाली. मग तिला सासूच्या छातीतली जळजळ कळली. वैद्यबुवा दहा वर्षे "मिरची कमी करा" म्हणून थकले होते. पोरीने ठेच्यासाठी काढलेल्या आठ मिरच्यांतल्या दोन उचलून पदरात बांधल्या. आईने तिच्याकडे पाहिले, पण मागितल्या नाहीत.

दोघी समुद्रापार आहेत आता. दर रविवारी फोनवर भाकऱ्यांचा आणि मिरच्यांचा हिशेब होतो. ठेच्यातल्या मिरच्या सहावर आल्या आहेत. पाचवीबद्दल वाटाघाटी अजून चालू आहेत.