विचारपूस

कुंभकोणमची बाजारपेठ मी बारा-बारा वर्षांच्या मापाने मोजते. गुरू सिंह राशीत आला की तिकडे नाशिकला गोदावरीकाठी सिंहस्थ भरतो आणि इकडे, कावेरी व अरसलार या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या या गावात, महामहम भरते. माझे माहेर नाशिकचे आणि सासर कुंभकोणमचे. त्यामुळे एकाच ग्रहाने माझ्या दोन्ही घरांची पंचांगे एकमेकांना बांधून ठेवली आहेत. 1992, 2004 आणि 2016 अशी तीन महामहमे मी इथे पाहिली. तलावाभोवतीचे सोळा मंडप दर खेपेस जागच्या जागी होते. बाजार मात्र दर खेपेस निराळा होता. 1992 साली ‘पेरिय कडै वीदी’त, म्हणजे थोरल्या दुकानांच्या रस्त्यावर, चपला बाहेर काढून पांढऱ्या गादीवर बसायचे आणि मग लुगडी पाहायची, अशी रीत होती. 2004 पर्यंत काही दुकानांना काचेची दारे आली. 2016 पर्यंत इमारतींवर मजले चढले आणि गाद्या गेल्या. आता आपण उभे राहतो, विकणाराही उभा राहतो, आणि दोघांमध्ये एक उजेडाने चकाकणारा फळा असतो.

या बदलाविषयी तक्रार करणे सोपे आहे. ती सगळेच करतात, आणि पिशव्या भरून त्याच दुकानातून घरी येतात. मीही येते. तरीही हातात पिशवी असताना काहीतरी घ्यायचे राहून गेले, असे का वाटते, याचा शोध घ्यावासा वाटतो.

सासरच्या मंडळींना गावात ‘रायर’ म्हणतात. राव या शब्दाचेच ते तमिळ रूप. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकोजीराजांनी तंजावरास मराठी राज्य स्थापन केले. त्या राज्याच्या आश्रयाने जी घराणी कावेरीकाठी आली, त्यांपैकी हे एक. 1855 साली ते राज्य खालसा झाले. दप्तरे मिटली, मोडी वाचणारे सरले, मराठी मात्र स्वयंपाकघरात राहिली. याच गावात 1828 साली जन्मलेले टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. पण सामान्य रायर कुटुंबाच्या वाट्याला दिवाणगिरी आली नाही. त्यांना कारकुनी, शिक्षकी आणि उरलेले मराठी आले. शाळेत ती शिकवली जात नव्हती आणि पाटीवर ती दिसत नव्हती. मग ही भाषा उंबऱ्याबाहेर कुठे वावरत होती? मला तिचा पत्ता लागला तो लुगड्यांच्या दुकानात.

नव्यानेच लग्न होऊन आले होते. सासूबाई मला घेऊन एका जुन्या रेशमी दुकानात गेल्या. दुकानदार सौराष्ट्र समाजाचे होते. शतकांपूर्वी गुजरातेतून निघालेले हे विणकर. वाटेत देवगिरीस त्यांचा मुक्काम झाला, असे त्यांची परंपरा सांगते. मदुरैप्रमाणे कुंभकोणमलाही त्यांची जुनी वस्ती आहे, आणि घरात ते आपली सौराष्ट्री बोलतात. त्या दिवशी गिऱ्हाइकाशी तमिळमध्ये गोड बोलता बोलता मालकांनी गुमास्त्याला आपल्या भाषेत हळूच काहीतरी विचारले. गुमास्त्याने तितक्याच हळू एक आकडा सांगितला. मालकांनी आमच्यासमोर त्याच्यावर बराच मोठा आकडा ठेवला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “त्यानं आत्ता सांगितला तोच भाव लावा.” सौराष्ट्री आकडे आमच्या आकड्यांचे चुलतभाऊ! मालक क्षणभर थांबले आणि मनापासून हसले. “रायराआत्तु मामींसमोर गुपित बोलायची सोय नाही,” असे म्हणून त्यांनी कॉफी मागवली. पितळी डबऱ्यातून पेल्यात ओतून फेसाळवलेली ती कॉफी पिऊन होईपर्यंत भाव ठरला होता. तो गुमास्त्याच्या आकड्याच्या थोडा वर आणि मालकांच्या आकड्याच्या बराच खाली होता.

त्या व्यवहारात तीन भाषा खर्ची पडल्या होत्या. एका घराण्याला दुसऱ्या घराण्याची ओळख होती, आणि ती ओळख भावात उतरली होती. आज लुगड्याला किमतीची चिठ्ठी लटकलेली असते, काळ्या रेघांवरून यंत्र फिरते आणि आकडा पडद्यावर उमटतो. तो प्रामाणिक आकडा आहे, कोणासाठी तो वाढत नाही की कमी होत नाही. पण तो कोणत्याच भाषेत नाही. तिथे सासूबाईंच्या मराठीला करण्यासारखे कामच उरलेले नाही.

त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी नऊवारी रेशमी लुगडे घ्यायचे ठरले, तेव्हा हे मला अधिक कळले. गावातल्या एका चार मजली दुकानात मी आणि माझी लेक गेलो. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर पाठवले गेले, तिसऱ्यावरून पुन्हा दुसऱ्यावर. एकसारख्या पोशाखातल्या एका मुलीने अत्यंत आदराने शिवून तयार केलेले मडिसार पुढे ठेवले. कमरेला हुक, निऱ्या आधीच घातलेल्या, परकरासारखे चढवले की झाले. मी म्हटले, शिवलेले नको. शिवाय आम्ही मडिसार नेसत नाही, आमची नेसण निराळी, कासोट्याची. ती गोंधळली. मडिसार आणि आमची नेसण यांतला फरक तिला ठाऊक असावा, असे मानायला आधार तरी काय? तिला कोणी तो सांगितला नव्हता आणि तिने गिऱ्हाइकाला काही विचारावे, अशी तिची नेमणूकच नव्हती. शेवटी तिने विचारले ते एवढेच, की बिलासाठी मोबाइल क्रमांक कोणता. आम्ही काही घेतलेच नव्हते. लुगडे पुढे तिरुभुवनमच्या एका विणकराकडे मिळाले. कुंभकोणमपासून थोड्याच अंतरावर असलेल्या या गावच्या रेशमाला 2019 साली भौगोलिक मानांकन लाभले आहे. विणकराचा पहिला प्रश्न होता, “नेसणार कोण, आणि कशी नेसतात?”

प्रश्नांचे हे मोल केवळ भावनेचे नाही, व्यवहाराचेही आहे. कुंभकोणमच्या भांडीबाजारात पितळेबरोबर कथलाचीही भांडी मिळतात. रसम् करण्याच्या कथलाच्या लहान भांड्याला ‘ईयच्चोंबु’ म्हणतात. आमच्या घरात रसम्‌ला सारच म्हणतात, पण भांडे तेच. या भांड्यातल्या साराची चव दुसऱ्या कशात उतरत नाही, असे इथल्या गृहिणींचे ठाम मत आहे. मात्र कथील अवघ्या 232 अंश सेल्सिअसला वितळते. भांड्यात पाणी असेल तोवर ते सुखरूप राहते. रिकामेच आचेवर ठेवले, तर पाहता पाहता त्याचा चांदीसारखा गोळा होतो. जुना भांडेवाला वजनकाटा खाली ठेवण्याआधी नव्या सुनेला विचारत असे, “पहिल्यांदाच नेतेस का?” आणि मग सांगत असे, “आधी चिंचेचं पाणी, मग विस्तव.” आमच्या नात्यातल्या एका तरुण जोडप्याने हेच भांडे एका झगमगीत दालनातून सुंदर खोक्यात घालून नेले. खोक्यावर किंमत होती, वजन होते, पण ते एक वाक्य नव्हते. पहिल्याच सकाळी भांडे गेले. दालनाने वस्तू दिली होती, पण वस्तूबरोबर चालत आलेले शहाणपण दुकानाच्या उंबऱ्यातच गळून पडले होते.

इथवर लिहून मला माझ्या लेकीचे बोलणे आठवते, आणि ते टाळणे योग्य नाही. ती म्हणते, “आई, मला कोणी काही विचारू नये, म्हणूनच मी त्या मोठ्या दुकानात जाते.” तिचे खरे आहे. जुन्या दुकानातली ओळख सर्वांना सारखी मिळत नसे. गादीवर कोणाला बसवायचे आणि कोणाला पायरीवरूनच माल दाखवायचा, हे जात पाहून ठरे. कॉफी रायरांच्या मामीला मिळाली. ती सर्वांनाच मिळत असेल, असे मानण्याइतकी मी भोळी नाही. नवऱ्यामागे एकट्या राहिलेल्या बाईने रंगीत लुगडे मागितले की पुढचा प्रश्न तिच्या जिव्हारी लागे. “मुलगा किती कमावतो?”, “सून अजून माहेरीच का?” हे प्रश्नही त्याच गादीवर विचारले जात. किमतीची चिठ्ठी आली तेव्हा पुष्कळांनी सुटकेचा श्वास टाकला असेल.

आणि विकणाऱ्याचे काय? गणितज्ञ रामानुजन यांचे बालपण याच गावात, शारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरल्या एका लहान घरात गेले. त्यांचे वडील श्रीनिवास अय्यंगार एका कापडदुकानात गुमास्ते होते. त्या घराचे आज स्मारक झाले आहे. त्यात उभी राहिले की मला मुलाच्या प्रज्ञेआधी बापाची नोकरी आठवते. दिवसभर घड्या मोडायच्या, घड्या घालायच्या आणि मालकाने हळूच विचारले की आकडा सांगायचा. गुमास्त्याची विचारपूस कोण करत होते? नव्या दुकानांतल्या मुलामुलींचे हाल तर 2010 सालच्या ‘अंगाडी तेरु’ या तमिळ चित्रपटाने साऱ्या राज्यापुढे मांडले. दिवसाचे कित्येक तास त्यांना उभेच राहावे लागे. 2021 साली तमिळनाडूने कायद्यात दुरुस्ती करून दुकानांतल्या नोकरांना बसण्याची सोय देणे मालकांवर बंधनकारक केले. केरळने तशी तरतूद 2018 सालीच केली होती. बसायला आसन मिळावे यासाठी कायदा करावा लागतो, हेच पुरेसे बोलके आहे.

मराठीत दोन शब्द आहेत : चौकशी आणि विचारपूस. चौकशीत विचारणाऱ्याला उत्तर हवे असते; विचारपुशीत समोरचा माणूस. जुन्या बाजारात ही दोन्ही एकमेकींत इतकी मिसळली होती की एक हवी असेल तर दुसरी सोसावी लागे. नव्या बाजाराने चौकशी हद्दपार केली, हे त्याचे श्रेय. पण त्याच झाडूने विचारपूसही लोटली गेली, आणि जागा रिकामी राहू नये म्हणून तिथे मोबाइल क्रमांक मागायची पद्धत आली. लेकीला नको आहे ती चौकशी. मला हवी आहे ती विचारपूस. आमचे भांडण दिसते तेवढे मोठे नाही.

लहान भाषांच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न शोभेचा नाही. मोठी भाषा पाट्यांवर, वर्तमानपत्रांत, शाळांत जगते. कुंभकोणमच्या मराठीला आणि सौराष्ट्रीला तो आधार नाही. त्या जगतात कोणीतरी विचारले म्हणून : तुमच्यात याला काय म्हणतात, तुमच्यात कसे नेसतात, तुमच्याकडे सणाला काय करतात? जोवर बाजारात हे विचारले जात होते, तोवर घरात त्याचे उत्तर तयार ठेवावे लागे. कोणी विचारीनासे झाले, की उत्तरेही हळूहळू विसरतात. सासूबाईंनी तो आकडा ऐकला होता. लेकीच्या कानावर तो पडला तर तिला कळेल का, याची मला खात्री नाही. तशी वेळ तिच्यावर येणारच नाही.

दालने परत जाणार नाहीत, आणि जावीत असेही मी म्हणणार नाही. पण जे वाक्य दुकानातून गळाले, ते घरातून तरी दिले पाहिजे. आता आमच्याकडून कोणाच्या लग्नात ईयच्चोंबु द्यायचा असला, तर सासूबाई त्यात एक चिठ्ठी घालायला लावतात. वर तमिळ, खाली मराठी, अक्षर माझे, मजकूर त्या भांडेवाल्याचा : आधी चिंचेचे पाणी, मग विस्तव.